अ‍ॅनिमेशनच्या पदवीत पैसे कशाचे मोजायचे?

नीटची वाट परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या माणसाला तोंडपाठ आहे. पोरगं लातूरला ठेवायचं की नांदेडला, कोणत्या क्लासची कुठली बॅच धरायची, मेस महिन्याला कितीला पडते, रिपीट करायचं तर एकदा की दोनदा, हे सगळं चहाच्या टपरीवर बसल्या जागी कळतं. आत्येभाऊ, मेहुणा, शेजारच्या वाड्यातला कुणीतरी त्या वाटेनं जाऊन आलेला असतो. लातूर पॅटर्ननं मराठवाड्याला डॉक्टर-इंजिनिअर दिले, त्याबरोबर माहितीचं एक जाळंही दिलं. पण त्याच घरातली धाकटी म्हणाली, ‘मला अ‍ॅनिमेशन करायचंय,’ की ते जाळं तुटतं. मामाला काही सांगता येत नाही, सरांना येत नाही, आणि टपरीवर तर ‘म्हणजे कार्टूनच ना?’ इथंच गाडी थांबते. मग मोकळ्या जागेत जाहिरात शिरते. परभणी, नांदेड किंवा संभाजीनगरच्या चौकातला फलक सांगतो: शंभर टक्के प्लेसमेंट, तीन वर्षांत पदवी, मर्यादित जागा.

बाप पैसे घेऊन निघतो आणि एकच प्रश्न विचारतो, ‘नोकरी लागंल का?’ प्रश्न रास्त आहे, पण पहिला नाही. पहिला प्रश्न असा हवा: या शिक्षणातलं काय घरी बसून शिकता येतं आणि काय कॉलेजात गेल्याशिवाय येतच नाही? जे घरी येतं त्यासाठी लाखो रुपये मोजायचे नाहीत. जे घरी येत नाही, ते ज्या कॉलेजात मिळेल तिथं घर सोडून जायचं. माझं म्हणणं एवढंच आहे की अ‍ॅनिमेशनच्या पदवीतला सॉफ्टवेअरचा भाग आज जवळजवळ फुकट मिळतो. महाग आणि दुर्मीळ आहे ती नजर, चूक दाखवणारा मास्तर आणि बरोबरीनं खपणारी मंडळी. कॉलेज निवडायचं ते या तिन्हींवरून.

हे पटायचं असेल तर या कामाचा एक तुकडा जवळून पाहावा लागेल. ताडकळसला स्वतःची बाजार समिती आहे; मालाची आवक-जावक तिथल्या पोरांच्या डोळ्यांखालची. समजा, एका पोरीला भरल्या गाडीचा बैल चालवून दाखवायचाय. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं पडद्यावरून जातात. एक रेखाटन दोन चौकटी धरून ठेवलं तरी सेकंदाला १२ रेखाटनं लागतात. दहा सेकंदांच्या चालीला १२०. ती पहिल्यांदा काढेल तेव्हा बैलाचा पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम उचलेल, कारण मनातला बैल तसाच चालतो. खरा बैल संथ चालताना मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा अशा क्रमानं पावलं टाकतो. ओझं असेल तर मान जुवाखाली दबते, जोर आधी खांद्यात येतो आणि खूर जमिनीतून उशिरा सुटतो. तो उशीर दाखवला तर गाडी भरलेली वाटते. नाही दाखवला तर बैल रिकामाच हवेत तरंगतो.

यातलं सॉफ्टवेअरचं काम कोणतं? चित्रं एकामागे एक लावण्याचं, रंग भरण्याचं, मधल्या काही चौकटी जुळवण्याचं. खूर उशिरा सुटला पाहिजे हे सॉफ्टवेअर तिला सांगत नाही. डिझ्नीच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या ‘द इल्यूजन ऑफ लाइफ’ या पुस्तकात अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं मांडली. ती आजही जगभरच्या वर्गांत शिकवतात. वेळ, हालचालीच्या आधीची तयारी, हालचालीनंतरची ओढ अशी ती तत्त्वं आहेत. संगणक बदलले, ती बदलली नाहीत.

इथं एक गोड गैरसमज लगेच दूर केलेला बरा. ‘खेड्यातल्या पोरांनी बैल पाहिलेत, त्यांना हे आपोआप येतं’ असं शहरी कौतुकानं म्हटलं जातं. पाहणं आणि काढता येण्याइतकं पाहणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. रोज बैल हाकणाऱ्यालाही पायांचा क्रम विचारला तर तो क्षणभर अडखळेल. गावातल्या पोरीकडे कच्चा माल भरपूर आहे, तो घडवणारा हात मात्र तिला कुणीतरी द्यावा लागतो.

आपल्याकडचा इतिहास याच बाजूनं साक्ष देतो. भारतीय सिनेमाचे जनक दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, पुढं बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि छायाचित्रण शिकले, मग छायाचित्रकार म्हणून आणि छपाईच्या धंद्यात हात काळे करून घेतले. सिनेमाचं यंत्र शिकायला ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि काही आठवड्यांत आटोपून परतले. आल्यावर त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना थोड्या थोड्या वेळानं टिपलं आणि त्याची वाढ पडद्यावर मिनिटभरात घडवून दाखवली. भांडवल देणाऱ्याला पटवायला तेवढं पुरलं. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काड्या एकेक चौकट सरकवून हलवलेल्या. आपल्या अ‍ॅनिमेशनची सुरुवात अशी काडेपेटीतून झाली. या आयुष्यातला हिशेब पाहा: कलेच्या शिक्षणाला वर्षंच्या वर्षं, यंत्राच्या शिक्षणाला आठवडे. आजच्या बहुतेक जाहिराती हेच प्रमाण उलटं करून विकतात.

पुढची उदाहरणंही त्याच वळणाची आहेत. भारतीय अ‍ॅनिमेशनचे पितामह मानले जाणारे राम मोहन हे रसायनशास्त्राचे पदवीधर. १९५६ च्या सुमारास फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला, डिझ्नीत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि त्यांच्या हाताखाली राम मोहन तयार झाले. पदवी एका विषयाची, विद्या दुसऱ्याचीच. पण मधे मास्तर होता. ‘बॉम्बे रोझ’ करणाऱ्या गीतांजली राव यांनी उपयोजित कला शिकली ती जे. जे. मध्ये. अ‍ॅनिमेशन त्या राम मोहन यांच्या स्टुडिओत काम करता करता आणि स्वतः धडपडत शिकल्या. त्यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ २००६ मध्ये कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये गौरवला गेला, आणि ‘बॉम्बे रोझ’नं २०१९ मध्ये व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकचा पडदा उघडला. फाळके, राम मोहन, गीतांजली राव यांच्यापैकी कुणाकडेही अ‍ॅनिमेशनची पदवी नव्हती. नजर, मास्तर आणि संगत मात्र तिघांनाही कुठं ना कुठं लाभली होती.

यावर एक चतुर आक्षेप येतो: मग कॉलेज तरी कशाला? यूट्यूब आहे, मोबाइल आहे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ज्या टून्झवर घिब्लीसारख्या स्टुडिओनं काम केलं, ते ओपनटून्झ या रूपात २०१६ पासून सर्वांना मोफत आहे. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसनं ब्लेंडरवर केलेल्या ‘फ्लो’ या चित्रपटाला मार्च २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. त्यात एकही संवाद नाही, अमेरिकी स्टुडिओंच्या मानानं खर्च नगण्य, आणि समोर स्पर्धेला पिक्सार, ड्रीमवर्क्स. म्हणजे लाखाच्या लायसनविना काम अडत नाही, हे आता वादातीत आहे.

पण याच माणसाचा आधीचा प्रवास पाहिला की आक्षेपाची दुसरी बाजू कळते. ‘अवे’ हा आधीचा अख्खा चित्रपट त्यानं एकट्यानं केला आणि त्यात त्याची वर्षं गेली. ‘फ्लो’साठी मात्र तीन देशांतली माणसं जमवावी लागली. एकट्यानं शिकणाऱ्याला आपली चूक दिसत नाही, हे पहिलं दुखणं. व्हिडिओ सांगतो, ‘असं करा’. तुम्ही केलेलं पाहून ‘हे का चुकलं’ ते सांगत नाही. दुसरं दुखणं वेळेचं आहे. घरी असलेल्या पोराला पेरणीत, काढणीत, लग्नसराईत कुणीही हाक मारतं, कारण तो ‘घरीच तर आहे’. ‘मी शिकतोय’ हे त्यानं किती वेळा सांगावं? कॉलेजची फी अर्धीअधिक या सांगण्यापासून सुटका करून घेण्याची असते. तिसरं, हे काम टोळीनं होतं. कुणी कथाफलक काढतो, कुणी पात्राचा सांगाडा बसवतो, कुणी प्रकाश देतो. ती टोळी पहिल्यांदा भेटते ती होस्टेलच्या खोलीत. सबब कॉलेज हवंच. कोणतं आणि कशाकरता, एवढाच वाद आहे.

आता चौकातल्या फलकाकडे वळू. प्रशिक्षण देणाऱ्या साखळ्यांना सरसकट झोडपण्यात अर्थ नाही. त्यांच्यातून शिकून पोटापाण्याला लागलेली पुष्कळ मुलं आहेत, आणि सॉफ्टवेअर हाताखाली घालून घेण्यासाठी सहा-आठ महिन्यांचा वर्ग काही जणांना उपयोगी पडतो. खोट पडते ती वर्गाला पदवीचा मुलामा दिला जातो तेव्हा. कायदा सरळ आहे: भारतात पदवी फक्त विद्यापीठ किंवा संसदेच्या कायद्यानं तसा अधिकार दिलेली संस्थाच देऊ शकते, आणि आपला अभ्यासक्रम फ्रँचायझीनं दुसऱ्याच्या दुकानात चालवून पदवी वाटायला विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी नाही. म्हणून ‘कॉलेजचं नाव काय’ हे विचारून थांबायचं नाही. ‘पदवीच्या कागदावर कुणाचं नाव छापलेलं असेल’ हे लेखी घ्यायचं आणि ते नाव आयोगाच्या यादीत ताडून पाहायचं. समुपदेशक या प्रश्नाला बगल देऊ लागला तर उत्तर मिळालं असं समजून उठायचं.

मग प्लेसमेंट. हा उद्योग कसा चालतो हे कळल्याशिवाय त्या शंभर टक्क्यांचा अर्थ लागत नाही. भारतातलं बरंच काम परदेशी चित्रपटांचं आणि मालिकांचं, ठेक्यानं आलेलं असतं. त्यात नवशिक्याच्या वाट्याला बहुधा रोटो येतं: चित्रातला माणूस चौकटीगणिक कडेनं कातरून वेगळा काढायचा. किंवा पेंट: नटाला धरून ठेवणारी तार पुसून टाकायची. कामं कष्टाची आहेत, नोकरी खरी आहे. पण शिकण्याची शिडी तिथं आखूड आहे आणि नेमकी हीच कामं कृत्रिम बुद्धिमत्ता आधी गिळते आहे. शिवाय धंदा बेभरवशाचा. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीचे मुंबई-हैदराबादलाही स्टुडिओ होते, फेब्रुवारी २०१३ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात त्या वाघाला ऑस्कर मिळालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा बडा समूह कोसळला, तेव्हा भारतात सुमारे ३,००० लोकांच्या नोकऱ्यांवर गदा आली. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या प्राइम फोकसनं २०१४ मध्ये लंडनची डबल निगेटिव्ह आपल्यात सामील करून घेतली आणि डीएनईजी या नावानं ती कंपनी ऑस्करमागून ऑस्कर मिळवते आहे. २०२५ मध्ये ‘महावतार नरसिंह’ या भारतीय अ‍ॅनिमेशनपटाला थिएटरात तुफान गर्दी झाली. म्हणजे धंद्यात तेजी आहे, मंदीही आहे, आणि पहिल्या नोकरीची हमी देणारा माणूस तुम्हाला दहाव्या वर्षाबद्दल काहीच सांगत नाही. दहाव्या वर्षी टिकतो तो चित्र काढू शकणारा, गोष्ट मांडू शकणारा, एका यंत्रावरून दुसऱ्यावर उडी मारू शकणारा.

पैशाचा हिशेब बाजार समितीच्या भाषेत करू. खासगी कॉलेजची फी वर्षाला ३ लाख धरा. यापेक्षा जास्त घेणारीही आहेत. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे एका वर्षाच्या फीला ५६ क्विंटल सोयाबीन. एकरी ७ क्विंटल उतारा पडला आणि हमीभाव खरोखर हातात आला तर आठ एकरांचं अख्खं पीक. त्यातून बियाणं, खत, मजुरी वजा करायची नाही आणि घरात त्या वर्षी दुसरं काही करायचं नाही. मुंबई-पुण्यातलं राहणं-खाणं वेगळंच. हा आकडा समोर ठेवून ‘सॉफ्टवेअर शिकवतो’ हे वाक्य पुन्हा वाचा. जे फुकट मिळतं त्यासाठी आठ एकर?

म्हणून माझी शिफारस स्पष्ट आहे. ताडकळसच्या मध्यम परिस्थितीतल्या विद्यार्थ्यानं पहिली नजर अ‍ॅनिमेशन असं नाव असलेल्या पदवीवर टाकू नये. शासकीय कला महाविद्यालयातल्या उपयोजित कलेच्या बीएफएवर टाकावी. मुंबईचं जे. जे., नागपूरचं आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरचं शासकीय महाविद्यालय ही त्यातली ठिकाणं. बीएफएचा प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या एएसी सीईटीतून होतो. बारावी कुठल्याही शाखेची चालते, आणि फी खासगीच्या पासंगालाही पुरत नाही. संभाजीनगर तर पूर्णा किंवा परभणीहून थेट रेल्वेच्या मार्गावर. जे. जे. च्या संस्थांना २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा तिथले नियम त्या त्या वर्षीच्या सूचनेत पाहावेत. चार वर्षं हात, नजर, रचना, अक्षर, जाहिरात यांवर घासून निघालेला विद्यार्थी अ‍ॅनिमेशनमध्ये गेला तर पाया भक्कम असतो. नाही गेला तर प्रकाशन, जाहिरात, संकेतस्थळांची आणि मोबाइल अ‍ॅपची रचना, खेळांची चित्रं अशा चार वाटा उघड्या असतात. आणि उद्या एमपीएससीला बसायचं झालं तरी पदवी ती पदवीच. बापाला वाटणारी भीती खोटी नाही. तिच्यावर रुंद पदवी हाच विमा आहे. अरुंद पदवीत तो विमा नसतो.

याच्या वरची पायरी स्पर्धेची आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, अ‍ॅनिमेशनचं शिक्षण १९८५ पासून आहे. आजही देशातल्या स्टुडिओंत तिथल्या विद्यार्थ्यांचा दबदबा आहे. गंमत अशी, की २०१४ चा कायदा होईपर्यंत एनआयडी पदवी देतच नव्हती, पदविका देत होती. पदविकेवर बाहेर पडलेल्या त्या पिढ्यांना कुणी ‘पदवी दाखवा’ म्हणून अडवलं नाही. चित्रपट पाहिले गेले. आयआयटी मुंबईत १९६९ पासूनचं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र आहे. ‘गोपी गवैया बाघा बजैया’ हा अ‍ॅनिमेशनपट करणाऱ्या शिल्पा रानडे तिथंच शिकवतात. बारावीनंतर यूसीड आणि कलेची वा इतर पदवी झाल्यावर सीड या प्रवेश परीक्षा, अशी तिथली दारं. जागा मोजक्या, पण शाखेची अट नाही. आर्ट्सचं पोरगंही बसू शकतं.

इथं मराठवाड्यातली मुलं मार खातात ती बुद्धीनं नाही, कॅलेंडरनं. आपल्याकडे सगळं निकालानंतर सुरू होतं. मे-जूनमध्ये निकाल, मग धावपळ. यूसीडचे अर्ज त्याच्या आदल्या ऑक्टोबराच्या सुमारास निघतात आणि परीक्षा जानेवारीत होऊन जाते. एनआयडीचे अर्जही बारावीच्या परीक्षेच्या कितीतरी आधी संपतात. निकालाचा पेढा वाटताना ही दारं कधीच बंद झालेली असतात आणि उघडं उरतं ते दुकान, जे जुलैतही ‘शेवटची एकच सीट’ ठेवून असतं. अकरावीच्या दिवाळीत या तारखा भिंतीवर लावल्या तर निम्मं काम झालं.

पैशाच्या सवलतींनाही अटी आहेत आणि त्या कॉलेज निवडण्याआधी वाचायच्या असतात. राज्याच्या जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ केली. पण ती केंद्रीभूत प्रवेशातून येणाऱ्यांना. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, तेही ठरावीक यादीतल्या संस्थांसाठीच. म्हणजे चकाचक इमारतीचं खासगी विद्यापीठ निवडलं, की त्याच मुलीची फी शून्यावरून लाखांवर जाऊ शकते. ‘मुलींना सगळं फुकट आहे’ या ऐकीव वाक्यावर विसंबून प्रवेश घेऊ नये.

मग अ‍ॅनिमेशनची थेट पदवी कुणीच घेऊ नये का? घ्यावी, ज्याचा हात आधीच तयार आहे, ज्यानं स्वतः मिनिटभराचा का होईना चित्रपट करून पाहिलाय आणि ज्याच्या घराला फी पेलते, त्यानं जरूर. फक्त कॉलेजची पारख नीट करावी. संस्थेचा माहितीपट पाहू नये, शेवटच्या वर्षाच्या मुलांनी केलेले चित्रपट मागून पाहावेत. दहा पाहिले की कळतं: सगळ्यांची पात्रं एकाच साच्यातली असतील, गोष्ट पुसट आणि झगमगाट जास्त असेल, तर तिथं यंत्र शिकवतात. प्रत्येकाची रेघ वेगळी असेल तर तिथं मास्तर आहे. पहिल्या वर्षाचं वेळापत्रक मागावं. त्यात माणूस समोर बसवून रेखाटन, प्राण्यांचा अभ्यास, कथाफलक यांचे तास किती, हे मोजावं. शिकवणाऱ्यांनी स्वतः काय केलंय ते विचारावं. समुपदेशकाशी दहा मिनिटं बोलावं आणि गेटबाहेर चहा पिणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या पोराशी तासभर: स्टुडिओ रात्री उघडा असतो का, सर काम पाहून काही बोलतात का, मागच्या वर्षीची मुलं नेमकी कुठल्या कामाला लागली? कंपनीचं नाव ऐकून भुलू नये, काम विचारावं. हीच कसोटी नव्या संस्थांनाही लावावी. मुंबईत २०२५ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली, बड्या कंपन्यांची नावं तिच्याशी जोडली गेली. तिच्याकडून आशा आहे, पण ज्या संस्थेची पहिली फळी अजून बाहेर पडून काही वर्षं टिकलेली नाही, तिथं नावावर नाही, वर्गावर निर्णय व्हावा.

आतापर्यंतचा सगळा भार मी घरावर टाकला. तो पुरता न्याय नाही. राज्य सरकारनं २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग वगैरेंसाठी वेगळं धोरण मंजूर केलं. त्यात गुंतवणूक आहे, रोजगाराचे आकडे आहेत. या धोरणाचा पहिला वर्ग मुंबईच्या चित्रनगरीत भरत नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला भरतो. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात. त्यांतली स्मरणचित्राची प्रश्नपत्रिका पाहा: बाजाराचा प्रसंग, पोळ्याची मिरवणूक, एसटी स्टँड, असं काहीतरी आठवून माणसांसकट मांडायचं. कोण कुठं उभं, कोण जवळ, कोण लांब, नजर कुठं जावी, हे ठरवायचं. कथाफलकाची पहिली चौकट याहून वेगळी नसते. म्हणजे अ‍ॅनिमेशनच्या प्रवेशाची तयारी आपल्या शाळांत आठवी-नववीपासून होऊ शकते, तीही फुकटात. पण ही परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांपुरती उरली आणि शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीत शंभरावर पट असलेल्या शाळेला सांगितलेला कलेचा अर्धवेळ निदेशक कागदावर राहिला, तर ही शिडी पहिल्या पायरीलाच मोडते. मग अठराव्या वर्षी त्या पोराला जे शाळेत फुकट मिळायला हवं होतं ते फी भरून शोधावं लागतं.

कुणी म्हणेल, ताडकळससारख्या गावातून असे निघून निघून निघणार किती? चार-दोन. त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? लातूर पॅटर्नही एके काळी चार-दोनांचाच होता. आधी काही शिक्षकांनी नेट लावला, मग निकाल दिसले, मग माहिती पसरली, मग वाट रुळली. ज्या प्रदेशात पैठणच्या नावानं ओळखली जाणारी चित्रकथीची चित्रं दाखवत, गात गोष्ट सांगण्याची परंपरा नांदली, तिथं चित्रातून गोष्ट सांगणं परकं म्हणता येणार नाही; परकी आहे ती फक्त त्याची प्रवेशप्रक्रिया. ती एकदा कुणीतरी पार केली की पुढच्याला टपरीवर उत्तर मिळू लागेल.

तोवर घरानं करायची गोष्ट एकच, आणि ती कुठलीही फी भरायच्या आधीची. पोराला किंवा पोरीला वर्षभर वही द्या. रोज समोर दिसेल ते काढू द्या. माणसं, जनावरं, चालणं, बसणं, ओझं उचलणं. जुन्या संगणकावर फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दहा सेकंदांची हालचाल करू द्या. वर्षाअखेरीस वह्या भरलेल्या असतील आणि हौस टिकली असेल, तर चांगल्या कॉलेजच्या परीक्षेला लागणारी निम्मी तयारी झाली आणि कर्ज काढायलाही हरकत नाही. वही तिसऱ्या पानावर थांबली असेल तर आठ एकरांचं सोयाबीन वाचलं. दोन्ही निकाल फायद्याचेच आहेत; फक्त ते प्रवेशाच्या पावतीआधी लागले पाहिजेत.